पडलेल्या लाकडाचा इतिहास : पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील जेली-कवके आणि त्यांचा अधिवास

सारांश

मृत लाकडावर वाढणारी जेली-कवके हा उत्तर कोकणातील पावसाळी वनांचा एक नित्याचा, परंतु दुर्लक्षित घटक आहे. या कवकांचा अधिवास म्हणजे जमिनीवर पडून राहिलेले, ओल धरलेले व सावकाश कुजणारे लाकूड. असे लाकूड वनात राहू द्यायचे की उचलून न्यायचे, हा निर्णय निसर्गाने एकट्याने कधीच घेतलेला नाही. तो जहाजबांधणी, जंगलखाते, राबाची शेती, रेल्वे, कोळशाची भट्टी आणि औद्योगिक वसाहत यांनी घेतलेला आहे. प्रस्तुत शोधनिबंधात पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या वनेतिहासाकडे या पडलेल्या लाकडाच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : जेली-कवक, मृत लाकूड, वनकायदा, राब, कूप, वारली लढा, पालघर, तारापूर.

१. प्रस्तावना

आजचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. ब्रिटिश अमदानीत पालघर, बोईसर व तारापूर हा प्रदेश ठाणे जिल्ह्याच्या माहीम तालुक्यात मोडत असे. पश्चिमेस समुद्र, खाड्या व खाजण, मध्ये भातशेतीची सखल पट्टी आणि पूर्वेस साग, ऐन, खैर, धावडा, कुडा यांनी व्यापलेले डोंगर, अशी या भागाची रचना आहे. वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. वनशास्त्रज्ञ येथील वनांची गणना आर्द्र पानझडी वनांत करतात.

या वनांचा इतिहास आजवर मुख्यतः तीन अंगांनी लिहिला गेला आहे : महसुलाच्या, कायद्याच्या आणि आदिवासी चळवळीच्या. या तिन्ही अंगांनी झालेले लेखन मोलाचे आहे. तथापि या सर्वांत वृक्ष उभा असतो किंवा तोडला जात असतो. पडलेल्या वृक्षाचे पुढे काय होते, याकडे इतिहासकाराचे लक्ष सहसा जात नाही. वस्तुतः वनाचे पुनरुज्जीवन ज्या मातीवर अवलंबून असते, ती माती याच पडलेल्या लाकडातून व पालापाचोळ्यातून तयार होते आणि ते काम प्रामुख्याने कवके करतात.

बोईसर परिसरात श्रावणात फिरताना वाडीच्या कडेला पडलेल्या आंब्याच्या खोडावर तपकिरी रंगाची, कानाच्या पाळीसारखी, बोटाला गार व लवचीक लागणारी बुरशी प्रस्तुत लेखकाने अनेकदा पाहिली आहे. मात्र जवळच्या राखीव वनात शोध घेतला असता तसे मोठे, पडून राहिलेले खोडच क्वचित दृष्टीस पडले. प्रस्तुत निबंधाचा प्रश्न या साध्या विरोधातून उद्भवला : वनात राहणारे कवक वनात का विरळ व्हावे आणि मानवी वस्तीच्या कडेला का आढळावे? या प्रश्नाचे उत्तर वनस्पतिशास्त्रापेक्षा इतिहासात अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२. जेली-कवकांचे स्वरूप व अधिवास

जेली-कवक हे एकाच कुळाचे नाव नाही. ज्यांचे फलकाय पाणी शोषून मऊ, पारदर्शक व लिबलिबीत होतात, अशा निरनिराळ्या वंशांतील कवकांना व्यवहारात हे नाव दिले जाते. त्यांपैकी तीन गट येथे लक्षात घेणे पुरेसे आहे.

पहिला गट ऑरिक्युलेरिया या प्रजातीचा. कानाच्या आकारामुळे तिला हे लॅटिन नाव मिळाले. लिनेअसने १७५३ साली युरोपातील अशा कवकाचा समावेश ट्रेमेला या प्रजातीत केला होता. पुढे बुल्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने ऑरिक्युलेरिया ही स्वतंत्र प्रजाती मांडली. आशियातील केसाळ पाठीच्या ज्या जातीस दीर्घकाळ ऑरिक्युलेरिया पॉलिट्रिका म्हटले जाई, तिला अलीकडे बहुधा ऑरिक्युलेरिया कॉर्निया असे संबोधले जाते. ही कवके लाकडातील लिग्निन व सेल्युलोज या दोन्ही घटकांचे विघटन करतात, त्यामुळे कुजलेले लाकूड फिकट व तंतुमय होते. यास श्वेत कूज म्हणतात.

दुसरा गट डॅक्रिमायसिटीस वर्गातील. त्यातील डॅक्रिओपिनॅक्स स्पॅथ्युलेरिया हे पिवळे-नारिंगी, इवल्या उलथन्यासारखे दिसणारे कवक उष्ण प्रदेशांत सर्वत्र आढळते. ते जंगलातील ओंडक्यावर उगवते तसे जुन्या कुंपणाच्या खांबावर वा दाराच्या चौकटीवरही उगवते. हे कवक मुख्यत्वे सेल्युलोज खाते व लिग्निन मागे ठेवते. परिणामी लाकूड तपकिरी होऊन त्याचे चौकोनी तुकडे पडतात. यास तपकिरी कूज म्हणतात.

तिसरा गट ट्रेमेला प्रजातीचा. ही कवके लाकडावर दिसत असली तरी लाकूड खात नाहीत. लाकडात आधीपासून असलेल्या दुसऱ्या कवकाच्या तंतूंवर ती जगतात. म्हणजे एका पडलेल्या फांदीवर प्रथम एक कवक वस्ती करते आणि त्याच्या आधारे दुसरे येते. अशी साखळी तयार व्हावयास अवधी लागतो. ओंडका दोन-तीन पावसाळे जागच्या जागी राहिला तरच ही वस्ती पूर्ण होते.

या सर्व कवकांचे एक वैशिष्ट्य उत्तर कोकणाच्या हवामानास विशेष अनुरूप आहे. पाऊस थांबला की त्यांचे फलकाय आक्रसून पातळ, कठीण पापुद्र्यासारखे होतात आणि पुन्हा सर आली की पाणी शोषून पूर्ववत फुगतात व बीजाणू सोडू लागतात. आठ महिन्यांचा उन्हाळा-हिवाळा मात्र ती लाकडाच्या आत, तंतूंच्या रूपाने काढतात. म्हणून लाकूड हेच त्यांचे घर, अन्न आणि दुष्काळातील आसराही होय. लाकूड उचलले गेले की हे तिन्ही एकदमच जाते.

३. कवकांची नोंद : वनस्पतिशास्त्राच्या इतिहासातील एक कोपरा

मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा अभ्यास एकोणिसाव्या शतकात चांगलाच पुढे गेला होता. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे दापोडी येथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते व १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. त्यांनी व डाल्झेल यांनी सिद्ध केलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ साली प्रसिद्ध झाला. पुढे थिओडोर कुक व टॅल्बट यांचे ग्रंथ आले. हे सर्व लेखन सपुष्प वनस्पतींचे होते. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्येही वृक्षांची यादी त्यांच्या उपयोगांसह दिलेली आहे : कोणते लाकूड घरास, कोणते नांगरास, कोणते जळणास. उपयोग ज्याचा नोंदता येईल तेच नोंदले गेले.

कवकांची नोंद त्यामानाने उशिरा सुरू झाली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी गोळा केलेल्या कवकांवर थाइसेन यांनी १९११ साली युरोपातील एका कवकशास्त्रीय नियतकालिकात लेख लिहिला. १९३१ साली बटलर व बिस्बी यांचा ‘द फंगाय ऑफ इंडिया’ हा ग्रंथ आला. तथापि बटलर यांच्या कार्याचा मुख्य रोख पिकांच्या रोगांवर होता. वसाहतीच्या शासनास गव्हावरील तांबेरा महत्त्वाचा होता. ओंडक्यावरील बुरशी नव्हे. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी संस्थेने आणि तेथील आजरेकर कवकसंग्रहालयाने ही उणीव पुष्कळशी भरून काढली. संस्थेशी निगडित डॉ. म. ना. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील कवकांची व्यवस्थित सूची करण्याचे काम केले.

आदिवासी समाजाचे ज्ञान या ग्रंथपरंपरेच्या बाहेर राहिले. वारली, मल्हार कोळी, कातकरी, कोकणा, ढोडिया या समाजांत पहिल्या पावसानंतर शेवळ, लोत, टाकळा या रानभाज्यांबरोबर वारुळावर उगवणारी अळंबी आवडीने खाल्ली जातात. खाण्याजोगी कोणती व टाळण्याजोगी कोणती हे ठरविण्याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांकडे राहिले आहे. हे ज्ञान लेखी नसले तरी त्याचे स्वरूप शास्त्रीय निरीक्षणाचेच आहे, हे मान्य करावयास हवे.

४. न कुजणाऱ्या लाकडाचा शोध

वनेतिहासात कवकांनी बजावलेली भूमिका अप्रत्यक्ष असली तरी लहान नाही. सागाचे महत्त्वच मुळी त्याच्या न कुजण्यात होते. सागाच्या गाभ्यातील तेले व टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये यांमुळे कवके व वाळवी त्यावर सहजी जम बसवू शकत नाहीत.

पोर्तुगीजांच्या काळात वसईजवळील आगाशी येथे जहाजबांधणी चालत असे. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये तारापूरचा किल्ला व त्याच वर्षी मे महिन्यात वसई मराठ्यांकडे आली. मुंबईत १७३६ पासून लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने गोदीत सागवानी जहाजे बांधावयास सुरुवात केली होती. याच सुमारास व पुढे नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्लंडच्या आरमारास ओकच्या लाकडाचा तुटवडा व त्याहून मोठे संकट म्हणजे कूज यांनी ग्रासले होते. १८१० साली जलावतरण झालेल्या ‘क्वीन शार्लट’ या मोठ्या युद्धनौकेचे लाकूड थोड्याच काळात इतके कुजले की, तिच्यावरील कवके ओळखण्यासाठी जेम्स सोवर्बी या प्रसिद्ध निसर्गचित्रकारास बोलाविण्यात आले. त्याच दशकात मुंबईच्या गोदीतून ‘मिंडेन’ (१८१०), ‘कॉर्नवॉलिस’ (१८१३) व ‘ट्रिंकोमाली’ (१८१७) या सागवानी नौका बाहेर पडल्या. त्यांपैकी ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे.

पश्चिम किनाऱ्यावरील वनांकडे कंपनी सरकारची दृष्टी वळण्यास हे एक सबळ कारण होते. १८१७-१८ मध्ये पेशव्यांकडून हा प्रदेश इंग्रजांकडे आल्यावर वनांतील वृक्षांची जी वर्गवारी रूढ झाली, तीत एका बाजूस साग आणि दुसऱ्या बाजूस बाकी सर्व, म्हणजे आडजात किंवा इंजायली, असा भेद होता. ही संज्ञा जंगलखात्याच्या कागदपत्रांत दीर्घकाळ टिकली. कवकांच्या दृष्टीने या वर्गवारीचा अर्थ नेमका उलटा होता. जेली-कवकांना रुचणारे मऊ, लवकर ओल धरणारे लाकूड, जसे पांगारा, सावर, आंबा यांचे, ते सारे आडजातीत मोडत होते. ज्या वृक्षावर कवक सहजी जगत नाही त्यास राजमान्यता मिळाली आणि ज्यावर जगते ते वृक्ष कमी प्रतीचे ठरले.

५. पडलेला वृक्ष कोणाचा? कायदा आणि राब

१८६५ व विशेषतः १८७८ च्या भारतीय वनकायद्याने वनांवरील शासनाची मालकी पक्की केली. १८७८ च्या व त्याच्या जागी आलेल्या १९२७ च्या कायद्यातील लाकडाची व्याख्या या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. तीनुसार तोडलेला वृक्ष जसा लाकूड ठरतो, तसाच आपोआप पडलेला वृक्षही लाकूडच ठरतो. म्हणजे वादळाने उन्मळलेले झाड जमिनीवर आडवे होताच ते मातीचे न राहता शासनाची जिन्नस होते. एका शब्दाच्या व्याख्येने पडलेल्या लाकडाचे कायदेशीर स्थान असे निश्चित झाले.

ठाणे जिल्ह्यात या कायद्याची झळ राबाच्या निमित्ताने सर्वाधिक बसली. भाताची व नागलीची रोपे तयार करण्यापूर्वी रोपवाटिकेच्या जमिनीवर शेण, टाहाळ, पालापाचोळा व गवत पसरून जाळण्याची पद्धत म्हणजे राब. त्यासाठी ऐनासारख्या वृक्षांच्या फांद्या छाटल्या जात. राखीव वनांची आखणी सुरू झाल्यावर या छाटणीवर बंधने आली आणि शेतकऱ्यांत मोठा असंतोष पसरला. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात जंगलखात्याने रयतेची गायराने व राने हिरावून घेतल्याबद्दल कडक टीका केली आहे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी सरकारला १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली सादर झाला.

या वादात दोन्ही पक्षांनी मृत लाकडाचा विचार आपापल्या गरजेनुसार केला. वनाधिकाऱ्यांना राब म्हणजे वृक्षांचा नाश वाटे. शेतकऱ्यांना राब म्हणजे तण मारून जमीन पोसण्याचा एकमेव स्वस्त मार्ग होता. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. राबात जळणारे द्रव्य हे फांद्या व पाला यांचे होते. मोठी खोडे त्यात जात नसत. कवकांचा दीर्घकालीन अधिवास मोठ्या खोडांत असतो. म्हणून वनातील मोठे मृत लाकूड नाहीसे होण्याचे खापर राब करणाऱ्या कुळावर फोडणे उचित ठरणार नाही. त्याचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

६. कूप, भट्टी आणि आगगाडी

१८६४ साली बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग सुरतेहून मुंबईस येऊन मिळाला. पालघर व बोईसर ही स्थानके याच मार्गावरील आहेत. रेल्वेने येथील वनांस दुहेरी रीतीने स्पर्श केला. एक तर रुळांखालील स्लीपरांसाठी लाकूड लागू लागले. दुसरे व अधिक दूरगामी म्हणजे मुंबईसारख्या वाढत्या शहराची जळणाची भूक या डोंगरांपर्यंत पोहोचली. पूर्वी जे लाकूड वाहून नेणे परवडत नसे, तेही आता विक्रीयोग्य झाले.

वनांची तोड कार्ययोजनेनुसार कूप पाडून होऊ लागली. कुपाचा लिलाव होई, ठेकेदार तो घेई आणि ठरलेल्या मुदतीत तो रिकामा करून देई. तोडलेल्या मालाची प्रतवारी होई : इमारती वेगळा, जळाऊ वेगळा आणि जे दोन्हींत बसत नाही त्याचा कोळसा. कोळशाच्या भट्ट्यांवर प्रामुख्याने कातकरी मजूर राबत. वाकडे खोड, पोकळ बुंधा, किडका ओंडका, म्हणजे ज्या लाकडात कवकाने आधीच वस्ती केली असे लाकूड, पूर्वीच्या काळी कोणी हात न लावता पडून राहिले असते. कोळशाच्या भट्टीने त्यालाही मोल दिले. वनातील मोठे मृत लाकूड संपण्याची प्रक्रिया येथे पूर्ण झाली, असे म्हणता येईल.

या व्यवस्थेचा दुसरा बळी मनुष्य होता. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात झरी येथे वारल्यांनी वेठबिगार नाकारण्याचा निर्धार केला. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील या लढ्यात १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड व त्यांचे साथी हुतात्मा झाले. १९४६ साली गवतकापणीच्या व जंगलतोडीच्या मजुरीवरून संप झाले. जंगलकामास रोजी सव्वा रुपया ही त्यांतील प्रमुख मागणी होती. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या गोदावरी परुळेकर यांच्या ग्रंथात या लढ्याची हकीकत आली आहे. स्वातंत्र्यानंतर ठेकेदारांच्या जोडीस जंगल कामगार सहकारी सोसायट्या आल्या. शोषणास काही प्रमाणात आळा बसला. तथापि कुपाचे तत्त्व बदलले नाही. माल कोणी काढावा यात फरक पडला, किती मागे ठेवावा हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला नाही.

७. एक तुलना : तारानाकी

याच कालखंडातील न्यूझीलंडमधील एक घटना येथे तुलनेस घेणे उद्बोधक ठरेल. तेथील तारानाकी प्रांतात युरोपीय वसाहतकरी वने तोडून दुभत्या जनावरांसाठी कुरणे करीत होते. तोडलेली खोडे तशीच पडून राहिली व त्यांवर ऑरिक्युलेरिया कॉर्निया मोठ्या प्रमाणात उगवले. च्यू चाँग या चिनी व्यापाऱ्याने १८७० च्या सुमारास ते ओळखले. चीनमध्ये या कवकास आहारात व औषधात प्राचीन काळापासून स्थान असल्याने त्याने ते वाळवून तिकडे पाठविण्याचा व्यापार उभारला. हातात रोख पैसा नसलेल्या अनेक वसाहतकऱ्यांनी या कवकाच्या विक्रीतून आपले कर भरले. पुढे च्यू चाँगने त्याच भांडवलावर एल्थम येथे लोण्याचा कारखानाही काढला.

म्हणजे जे कवक कोकणात कोणत्याही वहीत चढले नाही, ते तारानाकीत निर्यातीच्या हिशेबात चढले. फरक कवकाचा नव्हता. लाकडाच्या बाजारभावाचा होता. तारानाकीत पडलेल्या खोडास गिऱ्हाईक नव्हते म्हणून ते कवकास मिळाले. ठाणे जिल्ह्यात मुंबईची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर होती म्हणून ते कवकास मिळाले नाही. अर्थात तारानाकीची समृद्धी वनाच्या विनाशातून आलेली आणि तात्पुरती होती, हेही विसरता कामा नये. खोडे कुजून संपली, कुरणे झाली आणि व्यापार ओसरला.

८. तारापूर : नवा भूगोल

१९६० नंतरच्या दशकांत या परिसराचे रूप झपाट्याने बदलले. तारापूर अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन संचांतून २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत बोईसरलगत वाढली. अणुकेंद्राच्या विस्तारात अक्करपट्टी व पोफरण ही गावे विस्थापित झाली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात तारापूरची नोंद अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली.

विकासाचा हा ओघ थांबलेला नाही. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचे एक स्थानक बोईसर येथे योजले आहे. या प्रकल्पासाठी मुंबई, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील सुमारे २०,००० कांदळवन वृक्ष तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. डहाणूजवळील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. या प्रकल्पांच्या इष्टानिष्टतेचा निर्णय करणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय नाही. मात्र भरपाईदाखल होणाऱ्या वृक्षलागवडीच्या हिशेबाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. हा हिशेब तोडलेल्या व लावलेल्या वृक्षांच्या संख्येत मांडला जातो. जुन्या वनातील पडलेले खोड, त्यातील ओल, त्यातील कवकांची पिढी या हिशेबात कोठेच येत नाही. नव्या लागवडीत वृक्ष असतील. परंतु तेथे मृत लाकूड तयार व्हावयास अनेक दशके लागतील.

९. कायद्याचे नवे वळण

पडलेल्या लाकडाविषयीची शासकीय दृष्टी मात्र गेल्या पंचवीस वर्षांत काहीशी बदलली आहे. गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००० मध्ये राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून मृत, रोगट, मरणोन्मुख वा वाऱ्याने पडलेले वृक्ष हलविण्यास मनाई केली. जे लाकूड १८७८ पासून केवळ शासनाची जिन्नस होते, ते वनाचा घटक म्हणून जागीच राहावे, असे प्रथमच स्पष्टपणे म्हटले गेले. पालघर जिल्ह्यात वसईलगतच्या तुंगारेश्वर अभयारण्यास हा नियम लागू होतो. पालघर-बोईसरच्या पूर्वेकडील बहुतांश वने मात्र अभयारण्यात मोडत नाहीत.

दुसरा टप्पा २००६ च्या वनहक्क कायद्याचा. त्यात गौण वनोपजाची व्याख्या करताना झुडपी लाकूड व झाडांचे खुंट यांचा उल्लेख स्पष्टपणे आहे. आदिवासींचा या वस्तूंवरील हक्क मान्य करणारी ही तरतूद ऐतिहासिक अन्यायाची भरपाई होय. एक शाब्दिक गंमतही येथे लक्षात येते. गौण वनोपज हे वनस्पतिजन्य असावे, असे ही व्याख्या सांगते. व्हिटेकर यांच्या १९६९ च्या पंचसृष्टी वर्गीकरणापासून कवके वनस्पतीत गणली जात नाहीत. अक्षरशः वाचले तर रानातील अळंबी ही या व्याख्येच्या उंबरठ्यावरच राहतात! विज्ञानाने कवकांस वेगळी सृष्टी दिली. कायद्याच्या भाषेत त्यांना अद्याप स्वतःचे नाव मिळालेले नाही.

आता एक कठीण प्रश्न उरतो. मृत लाकूड कवकांसाठी राखावे, असे म्हटले की डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या स्त्रीकडे बोट दाखविणे सोपे जाते. इतिहास या आरोपास पुष्टी देत नाही. मोळीत जाते ते हाताने मोडता येणारे वाळके लाकूड. दोन माणसांच्या कवेत न मावणारे, वर्षानुवर्षे ओल धरणारे खोड मोळीतून कधीच गेलेले नाही; ते कुपातून, वखारीतून आणि आगगाडीच्या डब्यातून गेले. म्हणून संरक्षणाचे ओझे ज्यांनी सर्वांत कमी नेले त्यांच्याच डोक्यावर देणे हे अन्यायाचे होईल.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) जेली-कवकांचा अधिवास म्हणजे केवळ वन नव्हे, तर वनात पडून राहिलेले जुने लाकूड होय. वनाचे क्षेत्र कागदावर कायम राहूनही हा अधिवास नष्ट होऊ शकतो.

(२) पालघर व बोईसर-तारापूर परिसरात हा अधिवास क्षीण होण्यामागे सागकेंद्रित वर्गवारी, पडलेल्या वृक्षासही जिन्नस ठरविणारा कायदा, मुंबईची जळणाची बाजारपेठ व कूपपद्धती ही प्रमुख कारणे होत. राब व मोळी यांचा वाटा त्यामानाने गौण आहे.

(३) आंब्याच्या वाड्या, पांगाऱ्याची कुंपणे, वखारीमागे विसरलेले ओंडके ही आज या कवकांची आश्रयस्थाने झाली आहेत. वनातून हुसकलेल्या जीवाने वस्तीच्या कडेला घर केले आहे.

(४) भरपाईच्या वृक्षलागवडीच्या नियोजनात मृत लाकडाची स्वतंत्र नोंद व्हावी. तसेच राखीव वनांतील काही मोठी पडलेली खोडे ग्रामसभांच्या संमतीने जागीच ठेवण्याचा विचार व्हावा.

महाविद्यालयीन अध्यापकांस या संदर्भात एक काम सहज करता येण्यासारखे आहे. वनस्पतिशास्त्र, इतिहास व मराठी या तिन्ही विभागांनी मिळून आपल्या परिसरातील कवकांच्या पावसाळी नोंदी ठेवाव्यात आणि त्यांबरोबर अळंबी गोळा करणाऱ्या स्त्रियांकडून त्यांची नावे व उपयोग लिहून घ्यावेत. ही नावे सांगणारी पिढी आज आपल्यात आहे. प्रस्तुत लेखकाने ज्या आंब्याच्या खोडावर प्रथम ही कवके पाहिली, ते खोड पुढील पावसाळ्यात त्या जागी नव्हते. जागा साफ करून तेथे कुंपण घातले होते. पडलेल्या लाकडाचा इतिहास लिहावयाचा तर तो लाकूड असेपर्यंतच लिहावा लागेल.